छोटं पिस्तूल घेतलं, आता त्यात काडतूस कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत स्वतःची फार्मसी चालवणाऱ्या एका ताईंना पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळाला आणि त्यांनी .३८० एसीपी हे छोटं काडतूस चालणारं, पर्समध्ये मावेल एवढं पिस्तूल घेतलं. दुकानदाराने सोबत हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या आणि अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळीच्या, काडतुसांची डबी दिली आणि सांगितलं, ‘संरक्षणासाठी हीच.’ नंतर कोणीतरी म्हणालं की .३८० म्हणजे खेळणं, त्याहून जोरदार ९ एमएम घ्यायला हवं होतं. तेव्हा विचारलंय की ही काडतुसं पुरतील का, का पिस्तूलच बदलू? शेवटी जाता जाता: ‘भाचा नुकताच एच-१बीवर आलाय, त्यालाही नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जाऊ का?’

ताई, उत्तर लांबेल, पण एक गोष्ट आधी. ती हॉलो पॉइंट काडतुसं पिस्तुलात भरून तुम्ही घराबाहेर पडत असाल, तर आजच घरी बसून मॅगझिन रिकामं करा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

न्यू जर्सीच्या कायद्यात ‘हॉलो नोज किंवा डमडम’ गोळी जवळ बाळगणं हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा आहे आणि त्याला अठरा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सवलती आहेत. स्वतःच्या घरात किंवा मालकीच्या जागेत ठेवता येतात, खरेदी करून तिथे नेता येतात, नियमांत राहून रेंजवर वापरता येतात. दुकानदाराने विकली यात काही गैर नाही. पण बाळगण्याचा परवाना मिळाला म्हणजे त्याच्यासोबत ही गोळीही आपोआप मान्य झाली, असा समज पक्का बसलाय आणि तो चुकीचा आहे. २०२२च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ब्रूएन खटल्याचा निकाल आला, त्यानंतर इथे सामान्य माणसाला परवाने मिळायला लागले. गोळ्यांचं कलम त्याच्या कितीतरी आधीचं आणि ते तसंच राहिलं. फार्मसीच्या गल्ल्यापाशी ठेवणं वेगळं आणि तीच गोळी पर्समध्ये घालून पार्किंगमध्ये येणं वेगळं. ही रेघ नेमकी कुठे आहे ते इथल्या वकिलाला विचारा. मी पिस्तूल चालवायला शिकवतो, वकिली करत नाही.

तो ‘डमडम’ शब्द म्हणजे आपल्या कोलकात्याजवळचं दमदम, जिथे आता विमानतळ आहे. १८९०च्या दशकात तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाशी शिसं उघडं ठेवलेली रायफलची गोळी तयार केली. ती अंगात शिरल्यावर पसरायची. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी घातली. ती बंदी सैन्यांपुरती होती, नागरिकांशी तिचा संबंध नाही. पण त्या गावाचं नाव जगभरच्या कायद्यांत जाऊन बसलं आणि सव्वाशे वर्षांनी न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या मराठी बाईच्या पर्सपर्यंत पोचलं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

आता .३८०बद्दल.

जॉन ब्राउनिंगने हे काडतूस काढलं आणि कोल्टने १९०८ साली ते बाजारात आणलं. युरोपात याला ९ एमएम शॉर्ट म्हणतात आणि ते नाव जास्त प्रामाणिक आहे. गोळीची जाडी ९ एमएमइतकीच, पण मागचं पितळी कवच १९ मिलिमीटरऐवजी १७ मिलिमीटरचं. दाबही कमी. .३८०ची प्रमाणित मर्यादा २१,५०० पीएसआय, ९ एमएमची ३५,०००. त्यामुळे पिस्तूल लहान, हलकं करता येतं. तोटाही तिथूनच येतो. ९ एमएमच्या नेहमीच्या काडतुसाची ऊर्जा साडेतीनशे फूट-पाउंडांच्या घरात असते, .३८०ची दोनशेच्या. हे दोनशेसुद्धा डबीवरचे, चांगल्या लांब नळीतून मोजलेले. तुमच्या पिस्तुलाची नळी पावणेतीन इंचांची असेल तर त्यातलेही बरेच गळतात.

वर्गात मी हे पैशांत सांगतो. ९ एमएमवाल्याच्या खिशात साडेतीनशे रुपये आहेत. तो जेवेल आणि वर आइस्क्रीमही खाईल. तुमच्या खिशात दीडशे. तुम्हाला आधी जेवायचंय. इथे जेवण म्हणजे गोळी पुरेशी खोल जाणं आणि आइस्क्रीम म्हणजे तिचं पसरणं. हॉलो पॉइंट गोळी पसरते तेव्हा त्या पसरण्याची किंमत ती खोलीतून वसूल करते. मोठ्या काडतुसाला ते परवडतं. छोट्याला बऱ्याचदा परवडत नाही. छोट्या काडतुसाची निवड करताना मी हा एकच हिशेब करतो.

पुरेशी खोली म्हणजे किती, याचं एक माप ठरलेलं आहे आणि त्यामागे एक वाईट दिवस आहे. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआयच्या माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. सुरुवातीलाच एजंट जेरी डव्ह याच्या ९ एमएमची ११५ ग्रेन वजनाची हॉलो पॉइंट गोळी त्यातल्या प्लॅटला लागली. ती उजव्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, नीट पसरली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. तो माणूस पुढे लढत राहिला. डव्ह आणि बेन ग्रोगन हे दोन एजंट मारले गेले, आणखी पाच जखमी झाले. गोळीने आपलं काम डबीवर लिहिल्याप्रमाणे केलं होतं. ती फक्त थोडी आधी थांबली. त्यानंतर एफबीआयने मोजमापाची पद्धत बसवली: मांसासारख्या वागणाऱ्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, त्यावर कापड घालूनही, गोळी किमान १२ इंच जायला हवी आणि १८च्या पुढे शक्यतो जाऊ नये. माणसाची छाती काही बारा इंच जाड नसते, मग बारा का, असं वर्गात दर वेळी कोणीतरी विचारतं. कारण समोरचा माणूस फोटो काढायला उभा राहिल्यासारखा उभा नसतो. तो तिरका असतो, त्याचा हात मध्ये असतो. प्लॅटचा होता.

या मापाला .३८०च्या हॉलो पॉइंट लावून पाहिल्या की घोटाळा दिसतो. छान पसरतात त्या बऱ्याचदा बारा इंचांच्या अलीकडे थांबतात. ज्या खोल जातात त्यांतल्या पुष्कळशा पसरतच नाहीत, कारण पोकळीत कापड भरतं आणि गोळी साध्या गोळीसारखी वागते. जानेवारीत आपल्या इथे लोक काय घालून फिरतात ते आठवा. दोन्ही गोष्टी माफक प्रमाणात जमवणाऱ्या थोड्या आहेत. हॉर्नेडीची ९० ग्रेनची एक्सटीपी गोळी त्यातली नावाजलेली, आणि ती जमवते याचं कारण ती फार पसरत नाही. फेडरलने ९९ ग्रेनची जड गोळी काढली तीही खोली वाढवण्यासाठीच. तुम्ही टेक्ससमध्ये असतात तर मी ‘यांतली एक घ्या, पिस्तुलात चालते का पाहा’ म्हणून मोकळा झालो असतो. न्यू जर्सीत या दोन्ही खिशात घेऊन फिरता येत नाहीत.

तर तुमच्यापुढे रस्ते दोन.

पहिला, पोकळी पॉलिमरने भरलेली गोळी. हॉर्नेडीच्या क्रिटिकल डिफेन्समध्ये ९० ग्रेनच्या गोळीच्या टोकाला लाल रबरासारखी गुटी बसवलेली असते, म्हणजे कापड आत भरत नाही. न्यू जर्सी स्टेट पोलिसांच्या मार्गदर्शनात अशी भरलेल्या पोकळीची गोळी ‘हॉलो नोज’मध्ये धरलेली नाही, म्हणून इथले बहुतेक परवानाधारक हीच वापरतात. पोलिसांचं संकेतस्थळ स्वतः उघडून ते पान वाचा आणि छापून ठेवा. असली मार्गदर्शनं बदलतात. गोळी म्हणून ती वाईट नाही. छोट्या नळीतून बाराच्या सीमारेषेवर राहते, एवढंच.

दुसरा, साधी पूर्ण तांबं चढवलेली गोळी, पण चपट्या टोकाची. एफएमजे फ्लॅट नोज असं डबीवर लिहिलेलं असतं. विंचेस्टरच्या पांढऱ्या डबीतली .३८०ची ९५ ग्रेनची गोळी अशीच आहे. गोल टोकाची गोळी ऊतींना बाजूला सारून सुईसारखी पुढे जाते, चपटं टोक थोडं अधिक काम करतं. खोली भरपूर, कापडाची पर्वा नाही, आणि स्वस्त. स्वस्त असणं इथे फार मोठा गुण आहे, त्याकडे येतोच.

या दुसऱ्या रस्त्यावरचा आक्षेप मला माहीत आहे: आरपार जाईल, मागे कोणी असेल तर? खरं आहे, .३८०ची पूर्ण तांब्याची गोळी जिलेटिनमध्ये अठराच्या बरीच पुढे जाते. तुमच्या फार्मसीत मागे औषधांची कपाटं आहेत, पुढे काच आणि काचेपलीकडे फुटपाथ. याचा विचार करायलाच हवा. पण इतकी वर्षं लोकांना ताणाखाली नेम धरताना पाहतोय, त्यावरून सांगतो की मागच्या माणसाला खरा धोका आरपार गेलेल्या गोळीपेक्षा न लागलेल्या गोळीचा असतो. कागदावर सात यार्डांवरून सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत घालणारा माणूस मी नुसता टायमर वाजवला की पुठ्ठाच चुकवतो. गल्ल्यामागे तुम्ही कुठे उभ्या राहता, तिथून कुठल्या दिशेला भिंत आहे आणि कुठल्या दिशेला काच, हे एखाद्या रविवारी दुकान बंद असताना उभं राहून बघा. तो अर्धा तास गोळीच्या ब्रँडपेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

माझं मत विचाराल तर चपटं टोक. पॉलिमरवाली तुमच्या पिस्तुलात निर्धोक चालत असेल आणि तिच्याने तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर तीही चालेल, मी भांडणार नाही.

‘निर्धोक चालत असेल’ हे मात्र गृहीत धरू नका. इथे माझीच फजिती सांगतो. पहिलं छोटं पिस्तूल घेतलं तेव्हा मीही महागडी हॉलो पॉइंट आणली. वीस काडतुसांची डबी, एकेक डॉलरच्या वर पडलेलं. सराव साध्यावर करायचा आणि रात्री ही भरून उशाशी ठेवायची. वर्षभर एकही उडवलं नाही, पैसे वाचवले. मग एकदा जुनी संपवून नवी आणू म्हणून रेंजवर नेली, तर तिसरंच काडतूस नळीच्या तोंडाशी नाक अडकवून बसलं. पुन्हा भरलं, पाचवं अडकलं. पिस्तूल चांगलं होतं, काडतूसही चांगलं होतं, दोघांचं जमत नव्हतं. लग्नासारखंच हो, पत्रिका दोन्ही उत्तम आणि घरात रोज अबोला. वर्षभर मी जे उशाशी ठेवून शांत झोपत होतो ते दोन बारांचं हत्यार होतं.

म्हणून नियम असा: नव्या पिस्तुलातून आधी दोनशे साधी काडतुसं उडवा. मग जे बाळगणार आहात त्याची पन्नास, सगळी मॅगझिनं वापरून, एका हाताने आणि डाव्या हातानेही. एक जरी अडकलं तरी कारण शोधा. तुमची पकड सैल होती का, मॅगझिन वाईट आहे का, की काडतूसच बदलायला हवं? छोट्या हलक्या पिस्तुलांना सैल मनगट अजिबात सहन होत नाही. स्वस्त गोळीचा गुण तो हाच. बाळगायचं आणि सरावाचं काडतूस एकच असलं की प्रत्येक सराव ही चाचणीही होते, आणि नेम कुठे लागतो हेही दोन वेळा शिकावं लागत नाही.

‘प्लस पी’ (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं) असं लिहिलेली .३८०ची डबी कोणी दाखवली तर घेऊ नका. ९ एमएमला प्लस पीचं प्रमाण ठरलेलं आहे, .३८०ला अमेरिकेच्या मानक संस्थेने तसं प्रमाणच दिलेलं नाही. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ बनवणारा म्हणेल तो. तुमच्या पिस्तुलाची पुस्तिका त्याबद्दल काय म्हणते तेही वाचा. फुटून पाकळ्या उडणाऱ्या, चकचकीत जाहिरातींच्या गोळ्यांबद्दल मी बोलत नाही. खिशातले दीडशे रुपये फुग्यांवर उडवण्याचा प्रकार आहे.

हात कमजोर आहेत, संधिवात आहे म्हणून याहून लहान काहीतरी घ्यावं का, असं तुमच्या वयाच्या बऱ्याच जणी विचारतात. .३२ एसीपीत मी सरळ पूर्ण तांब्याची गोळी सांगतो. एक तर पसरायला तिच्याकडे ऊर्जाच नाही. दुसरं, तिच्या कवचाला मागे अर्धवट कडा असते. हॉलो पॉइंट काडतूस लांबीला आखूड असल्यामुळे मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकतं, वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे जाऊन अडकते आणि मग ते हाताने झटकून सुटत नाही. काही पिस्तुलं आखूड काडतुसासाठीच बनवलेली असतात, त्यांना उलट लांब चालत नाही, त्यामुळे पुस्तिका पाहायचीच. .२२मध्ये पेटवणारं द्रव्य कडेत पसरलेलं असतं आणि ते फुसकं निघण्याचं प्रमाण जास्त. ते वापरायचंच तर रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे फुसकं निघालं तर पुन्हा घोडा ओढला की पुढचं येतं. पण तुम्हाला .३८०ची स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढता येतेय, तर खाली उतरायचं कारण नाही. ९ एमएमसाठी बदलायचंही नाही. त्या आकाराचं ९ एमएम हातात असं उसळतं की लोक दोन डब्यांनंतर सरावच सोडतात.

सांगलीकडे माझ्या मामाकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं. त्याला कुठली गोळी घेऊ हा प्रश्न आयुष्यात पडला नाही. खडकीच्या कारखान्याची जी काडतुसं परवान्यावर मिळत तीच, आणि तीही मोजून. तो ती वर्षानुवर्षं कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी ठेवायचा. इथे दुकानात भिंतभर डब्या आहेत. मामाने बहुधा पाठच फिरवली असती.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते. तुम्ही रोज दुकान बंद करून घरी आल्यावर पिस्तूल रिकामं करता आणि सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा नळीत सोडता का? माझ्या एका विद्यार्थिनीने आठ महिने हेच केलं. तिचं ते काडतूस मी नव्याशेजारी टेबलावर उभं केलं तर ते नजरेला कळेल इतकं बुटकं झालं होतं. दर वेळी नळीच्या तोंडावर आपटून गोळी कवचात मागे ढकलली जाते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढू शकतो. शिवाय सततच्या आपटण्याने कवचामागच्या टोपीतलं पेटवणारं द्रव्यही खिळखिळं होतं. शक्यतो रोज रिकामं करूच नका, भरलेलंच कुलपाच्या पेटीत ठेवा. करायचंच तर वरचं काडतूस दर वेळी बदला, अधूनमधून नव्याशेजारी उभं करून पाहा, आणि आखूड दिसलं की बाजूला काढा. ते उडवायचं नाही. रेंजवर निकामी काडतुसांचा डबा असतो, त्यात टाका. पिस्तुलाला तेल मोजकं लावा आणि काडतुसांना मुळीच नको. वर्षातून एकदा, मी दिवाळीच्या सुमाराला करतो, बाळगलेली सगळी काडतुसं उडवून नवी भरायची.

भाच्याबद्दल. त्याला नेऊ नका, निदान आत्ता. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला संघराज्याचा कायदा पिस्तूल आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला मनाई करतो. रेंजवर हातात घेणंसुद्धा यात येऊ शकतं. अपवाद आहेत, त्यांतला नेहमी वापरला जाणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना, पण तो कसा लागू होतो हे त्याच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या. ग्रीन कार्ड असतं तर गोष्ट वेगळी होती. दहा मिनिटांच्या मौजेपायी पुढची दहा वर्षं पणाला लावणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. एवढंच कशाला, घरातली तुमची पेटी त्याला उघडता येणार नाही अशी ठेवा, किल्ली किंवा आकडा त्याला माहीत नसावा. तो तुमच्याकडेच राहत असेल तर हे त्याच्याच भल्याचं आहे.

हॉलो पॉइंटची ती डबी फेकू नका, घरात राहू द्या. पांढऱ्या डबीतल्या ९५ ग्रेनच्या, पन्नासच्या चार डब्या घ्या, पॉलिमरवालीच्या पंचवीसच्या दोन. दोन्ही उडवून झाल्यावर किती अडकली आणि कुठल्या मॅगझिनमधून, एवढं एका कागदावर मांडून पाठवा. मॅगझिनांवर खिळ्याने १, २ असे आकडे कोरा, नाहीतर नंतर सांगता येत नाही.